चांदीच्या तांड्यापुढची घोडी

माझ्या घोडीला दिसेनासं झालंय हे मला पाण्याच्या बादलीवरून कळलं. रोजची बादली त्या दिवशी मी हातभर अलीकडे ठेवली होती. घोडी जुन्या जागी तोंड घालून कोरड्या जमिनीवर ओठ फिरवत राहिली. डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं, ते सगळ्यांनाच दिसायचं. पण उजवा डोळा वरून काळाभोर, चांगला. त्याच्यापुढं मी हात हलवला. पापणी हलली नाही. मी बादली उचलून तिच्या जागेवर सरकवली, घरात जाऊन चहा प्यालो आणि कोणाला बोललो नाही.

बोलणार तरी कसा? चाळीस वर्षं मी नेरळहून माथेरानला माल चढवला. गॅसची सिलिंडरं, विटा, तांदळाच्या गोणी, एकदा एका हॉटेलवाल्याचं आरशाचं कपाट, तेही न फुटता. मी चौथीपुरता शिकलेला माणूस. माझ्याकडे दाखवण्यासारखं काय असेल तर माझं जनावर. ही घोडी चौदा वर्षं सगळ्यांच्या पुढं चालली. तिच्या गळ्यातली पितळेची घंटा वाजली की मागची जनावरं न हाकता चालायची आणि समोरून येणारा आधीच बाजूला उभा राहायचा.

आमच्या घाटातली रीत अशी आहे. भरलेलं जनावर डोंगराच्या अंगानं, रिकामं दरीच्या अंगानं. गोणी डोंगराला घासली की घोडी अर्धं पाऊल बाहेर टाकते आणि पुन्हा सरळ चालते. मी तिच्यामागून चालत विचार करायचो, हिला दिसत नाही तर ही चालते कशी. मग ध्यानात आलं, ती गोणीनं चालते. गोणी घासते, ती पाऊल बाहेर टाकते. वाट जुनी, बाहेर अर्धं पाऊल टाकायला कुठं किती जागा आहे ते तिच्या पायांना पाठ.

दुसरी रीत अशी की घाटात जनावराला जनावर बांधायचं नाही. एक गेलं तर सगळी जातात. हे मला माझ्या बापानं सांगितलं आणि मी माझ्या भाच्याला.

भाचा माझ्या मयत बहिणीचा मुलगा. चाळिशीचा झालाय, त्याची स्वतःची तीन जनावरं आहेत, दोन खेचरं आणि एक तांबडा घोडा. त्याचं सगळं घर त्या तीन पाठींवर चालतं. कमी बोलतो. मी जास्त बोलतो म्हणून असेल.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत नेरळला सिनेमावाले आले. म्हणजे सिनेमा नाही, ते मोबाईलवर बघतात ती मालिका. त्यांना माल वाहणारी जनावरं हवी होती आणि पुढं चालायला एक असं जनावर, जे बंदुकीला बिचकणार नाही. चहाच्या टपरीवर आम्ही पाच-सहा जण बसलो होतो. एकजण म्हणाला, आता म्हाताऱ्याची घोडी काही कामाची नाही, तिला घरी बसवून चणे चारा. मला ते लागलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की खाणीत सुरुंग उडाले तरी तिनं कधी कान हलवलेला नाही, पुढं चालेल तर तीच चालेल, नाहीतर आमची जनावरं मिळायची नाहीत. भाच्याची जनावरंही मीच देऊन टाकली. त्याला विचारलंही नाही.

सुरुंगाचं खोटं नव्हतं. मला वाटलं होतं काम माथेरानच्या वाटेवरच होईल. शब्द देऊन झाल्यावर कळलं की टेंपोत घालून जनावरं खालापूर तालुक्यात न्यायची, चौक गावाच्या पुढं, एका धरणाच्या पाण्याशी.

रात्रभर झोप नाही. सकाळी बायको म्हणाली, "अवो, तिला दिसत नाय म्हणून सांगून टाका की."

मी विचारलं, तुला कोणी सांगितलं.

"मला कोन सांगनार? चार महिनं झालं ती माज्या पावलाचा आवाज ऐकल्याबिगर मान वर करत नाय. तुमाला आज कळलं आसंल."

मी तिला म्हटलं गप बस. एवढंच म्हटलं.

जनावरं तपासायला त्यांचा डॉक्टर आला होता. मी घोडीच्या उजव्या अंगाला उभा राहून बोलत राहिलो. त्यानं हात वर केला की मी हळूच दोर ओढायचो आणि घोडी मान फिरवायची. डाव्यात फूल, उजवा नीट, असं त्यानं लिहिलं. डॉक्टरला फसवल्यासारखं वाटलं नाही, घोडीला फसवल्यासारखं वाटलं.

धरणाकाठी त्यांनी आख्खं बंदर उभं केलं होतं. पांढऱ्या भिंती, लाल कौलं, चर्च, तोफा. भिंतीवर थाप मारली की ढोलासारखी वाजायची, आत प्लायवूड आणि बांबू. जहाजाला एकच बाजू होती. मागून गेलं तर लोखंडी पाइप आणि त्यांच्यावर सुतारांचे बनियन वाळत घातलेले. पलीकडून एक्सप्रेस वेवरच्या ट्रकांची घरघर चोवीस तास.

गोष्ट मला एका मुलीनं समजावली. दिग्दर्शकाच्या हाताखाली होती, पुण्याची, मला आजोबा म्हणायची. तिनं वाळूत काठीनं दोन समुद्र काढले आणि मध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी. चारशे वर्षांच्या आधी तो मुलूख स्पेनच्या राजानं बळकावला होता. तिथल्याच लोकांना खाणीत घालून चांदी काढायची, एका समुद्रानं आणायची, मग ह्या पट्टीवरून, डोंगर-जंगलातून, खेचरांवर लादून पलीकडच्या बंदरात. तिथं स्पेनची जहाजं येऊन चांदी भरून न्यायची. बंदराचं नाव नोंब्रे दे दिओस. त्याचा अर्थ देवाचं नाव, ती म्हणाली.

मी म्हटलं, "देवाचं नाव दिलं आनि लुटीचा माल भरला व्हय?"

"आणि त्या लुटीची लूट करायला इंग्रज आले," ती म्हणाली.

इंग्रजांचं जहाज लपवून त्यांची माणसं खेचरांच्या वाटेवर झाडीत दबा धरून बसली. वाट दाखवायला स्पेनवाल्यांच्या हातून पळालेले गुलाम होते. अंधारात आपला माणूस ओळखू यावा म्हणून सगळ्यांनी कपड्यांवरून पांढरे सदरे घातले. खेचरांच्या घंटा ऐकू येईपर्यंत कोणी हलायचं नाही असं ठरलेलं. पण एकजण प्यालेला होता, तो वेळेआधी उठला. वाटेनं एक घोडेस्वार चालला होता, त्याला पांढरं दिसलं. त्यानं घोडा फेकला आणि मागच्या तांड्याला सावध केलं. तेव्हा स्पेनवाल्यांनी चांदीची खेचरं मागं ठेवली आणि धान्याची खेचरं पुढं पाठवली. इंग्रजांच्या हाती दाणागोटा लागला. पुढं दीड-एक महिन्यानं ते पुन्हा बसले आणि तेव्हा मात्र चांदी घेऊन गेले. आपण घेतोय तो प्रसंग त्या दुसऱ्या वेळचा, ती म्हणाली.

माझं मन पहिल्या वेळेतच अडकलं. मी विचारलं, धान्याच्या खेचरांबरोबर जो माणूस पुढं पाठवला, त्याला सांगितलं होतं का पुढं कोण बसलंय ते?

तिनं थोडा विचार केला. "पुस्तकात नाही लिहिलेलं, आजोबा."

वाट त्यांनी जेसीबीनं कापली होती. डोंगराच्या पोटातून सव्वाशे-दीडशे पावलांची, एका बाजूला उभी माती, दुसऱ्या बाजूला उतार. माथेरानची दरी ती नव्हती, पण तीन पुरुष खोल होती, आणि तळाला धोंडे. पडलं तर जनावराचे पाय मोडले असते, आणि पाय मोडलेल्या घोडीचं काय करतात ते मला कोणी सांगायला नको.

तिथं मुक्कामाला दोन दिवस मिळाले. दोन्ही दिवस उजाडायच्या आत, आचारी स्टोव्ह पेटवत असताना, मी घोडीला त्या वाटेवर नेलं. पाठीवर गोण्या घालूनच. पायातली चप्पल काढून तिच्यापुढं चालायचो, काठी दगडावर आपटायचो, जिथं वळण तिथं दोनदा. चढून जायचो, उतरून यायचो, पुन्हा चढायचो. दुसऱ्या दिवशी दोर ढिला सोडला तरी ती वळणावर वळली. गोणी मातीला घासली, अर्धं पाऊल बाहेर टाकलं, सरळ झाली. मी तिच्या मानेला धरून उभा राहिलो. मला इतकं हायसं वाटलं की मी शहाणपण करायला निघालो.

चांदीच्या विटा थर्माकोलच्या होत्या, रुपेरी रंग दिलेल्या. त्या लादून भाच्याचं खेचर उड्या मारत चाललं तेव्हा मी दिग्दर्शकाला म्हटलं, असं चालतं का भरलेलं जनावर? खाली वाळूच्या गोण्या घाला, दोन्ही अंगाला सारख्या, मग बघा चाल. त्यानं ऐकलं. चाल बघून त्यानं माझ्यापुढं हात जोडले. सगळे बघत होते. मी फुगलो.

मग तो म्हणाला, जनावरं एकामागं एक बांधलेली हवीत. जुन्या चित्रात तशी आहेत.

भाचा माझ्याशेजारी उभा होता. हळूच म्हणाला, "मामा, घाटात बांधत नाय आपन."

मी म्हटलं, "हा काय घाट हाय? माजी घोडी पुढं हाय. बांध."

त्यानं बांधलं. पहिलं खेचर घोडीच्या खोगिराला, त्याच्यामागं दुसरं, शेवटी तांबडा घोडा. मला गाठी मारायला दिल्या नाहीत, स्वतःच मारल्या.

शूटिंग सकाळी होतं. रात्रीचा प्रसंग, पण ते दिवसाच घेतात आणि नंतर त्याची रात्र करतात. आम्हाला गुडघ्यापर्यंतच्या तोकड्या विजारी आणि गवताच्या टोप्या दिल्या. भाच्याला बघून मला हसू आलं, त्याला आलं नाही. जनावरं घेऊन वाटेच्या तोंडाशी गेलो आणि थांबलो.

वाट बदलली होती.

त्यांच्या सजावटीच्या लोकांनी रात्रीतून जंगल आणलं होतं. डोंगराच्या अंगाला फायबरचे मोठमोठे दगड उभे केलेले, वेली सोडलेल्या, मध्येच एक पडलेला ओंडका. कालची चार हात वाट अडीच हातांवर आली होती. मला सगळं एकदम दिसलं. गोणी त्या दगडाला घासणार. घोडी अर्धं पाऊल बाहेर टाकणार. पुढचा दगड, पुन्हा अर्धं पाऊल. दोन दिवस मीच तिला शिकवलं होतं की बाहेर जागा आहे.

पुण्याची मुलगी धावत आली. झाडीत पांढरे सदरे घातलेली आठ-दहा माणसं खाली बसत होती, कर्जतकडची पोरं, गालाला गोरा रंग फासलेली. धुराचं यंत्र भुसभुसायला लागलं होतं. तिनं विचारलं, आजोबा, सगळं ठीक ना?

तेव्हा बोलायचं होतं. दोन शब्दांचं काम होतं. टपरीवरची ती पाच-सहा तोंडं माझ्या डोळ्यांपुढं आली, आणि दिग्दर्शकाचे जोडलेले हात.

"ठीक हाय," मी म्हटलं.

त्यांनी प्रत्येक जनावराच्या गळ्यात घंटा बांधल्या होत्या. आमच्यात फक्त पुढच्याला असते. चार घंटा एकदम वाजायला लागल्या तेव्हा घोडीचे कान पाठीमागं गेले. तिला आपली घंटा ऐकू येईना. मी दोर आखूड धरला. हातातून घाम दोरात जात होता. माझ्यामागं घोडी, तिच्यामागं पहिलं खेचर, आणि त्या खेचराच्या बाजूनं, दरीच्या अंगाला, भाचा. दरीच्या अंगाला माणूस चालतो तो जनावर आत रेटायला. ते मीच शिकवलेलं.

तो धान्यवाला माणूस मला त्याच वेळी आठवला. त्याला कोणी सांगितलं नसेल. त्यानं मालकाचा हुकूम ऐकला असेल आणि घंटा वाजवत निघाला असेल. आणि मी? मी माझ्या बहिणीच्या मुलाला सांगितलं नव्हतं. मला ठाऊक असून सांगितलं नव्हतं.

पहिल्या दगडाला गोणी घासली. घोडी अर्धं पाऊल बाहेर गेली. मी दोर आत ओढला, ती आली. दुसऱ्याला घासली. आली, पण उशिरा. तिसऱ्या दगडाच्या अलीकडे झाडीतला एक पोरगा वेळेआधी उठला. त्याला इशारा चुकीचा कळला की पाय अवघडला, माहीत नाही. पांढरा सदरा धुरात उभा राहिला, त्याला बघून बाकीचे उठले, आणि ठरलं होतं त्याच्या कितीतरी आधी बंदुका सुटल्या.

घोडी बिचकली नाही. तेवढी माझी बढाई खरी ठरली. ती जागच्या जागी उभी राहिली, तिला मी तसंच शिकवलेलं. पण मागची खेचरं थांबेनात. पहिलं खेचर तिच्या पुठ्ठ्यावर आलं, तिनं पुढं पाय टाकला, गोणी तिसऱ्या दगडात अडकली. आणि ती बाहेर सरकली. एकदा. मग दुसऱ्यांदा. तिच्या मागच्या खुराखालची माती सुटून खाली गेल्याचा आवाज मी बंदुकांच्या आवाजातही ऐकला. भाचा खेचराजवळून पुढं धावून तिच्या आणि कडेच्या मध्ये शिरला होता. त्यानं खांदा तिच्या गोणीला लावला होता आणि त्याची टाच कडेवरून अर्धी बाहेर होती.

मी ओरडलो. "थांबवा! घोडीला दिसत नाय! आंधळी हाय माजी घोडी!"

कोणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा ओरडलो. कॅमेऱ्यामागून ती पुण्याची मुलगी उठली आणि हात हलवत सरळ वाटेवर धावत आली, चित्राच्या मधोमध. बंदुका थांबल्या. भाच्यानं एका हातानं खोगिराची दोरी ओढली. त्यानं सरकगाठ मारली होती, सगळीकडे सरकगाठीच. एका हिसक्यात घोडी सुटली, खेचर मागं हटलं. मी घोडीच्या नाकाला हात लावून, तोंडानं चुचकारत, एकेक पाऊल करत तिला डोंगराला चिकटवलं.

धुराचं यंत्र कोणीतरी बंद केलं. ट्रकांची घरघर पुन्हा ऐकू यायला लागली.

भाचा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. टोपी पडली होती, गुडघा फुटला होता.

"कवापासून?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, गणपतीच्या आधीपासून.

"माजी तीन जनावरं तुज्यामागं बांधली व्हती. मी खालच्या अंगाला व्हतो. तुला येक शब्द बोलता येत नव्हता?"

जन्मात पहिल्यांदा त्यानं मला अरेतुरे केलं. मी ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची मला सवय नाही.

दिग्दर्शकाला कामाचा दिवस वाचवायचा होता. दगड मागं सरकवले, दोऱ्या काढून टाकल्या, जनावरं मोकळी चालवायची ठरली. पुढं भाच्याचं थोरलं खेचर. पण त्यांच्या ओळखीच्या घंटेशिवाय मागची दोन चालेनात. भाचा आला, घोडीच्या गळ्यातली घंटा सोडली आणि घेऊन गेला. मला विचारलं नाही, घोडीच्या मानेवर मात्र हात फिरवला.

मी घोडीला घेऊन लांब एका आंब्याखाली बसलो. कोणीतरी चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. वरून बंदुकांचे आवाज आले, तिनं कान हलवला नाही. मग घंटा वाजली. तिची घंटा, वरच्या वाटेवर, दुसऱ्याच्या गळ्यात, पुढं पुढं जाणारी. घोडीनं मान उचलली आणि त्या दिशेला चालायला लागली. दोर ताणला गेला. मी उठून तिच्या छातीला खांदा लावला. ती मला ढकलत होती, रागानं नाही, कामाला निघाल्यासारखी. वरचं जेवढा वेळ चाललं तेवढा वेळ मी तिला तसाच धरून उभा होतो, आणि मला भीती वाटत होती की माझा खांदा पुरणार नाही.

त्यानंतर भाचा माझ्याकडे आला नाही. दिवाळीलाही नाही. नेरळच्या बाजारात समोर आला तर जनावराची दोरी नीट करायच्या निमित्तानं थांबायचा, मी पुढं जाईपर्यंत. टपरीवर मी स्वतः जाऊन सांगितलं, माझी घोडी आंधळी आहे, शूटिंगच्या आधीपासून होती, आणि मला ठाऊक होतं. कोणी हसलं नाही. हसायला हवं होतं, सोपं गेलं असतं.

मालिका आली तेव्हा बायकोनं शेजारच्यांच्या मोबाईलवर लावून दाखवली. अंधार, धूर, पांढरे सदरे. खेचराचे पाय दिसतात, घंटा ऐकू येते. माझा हात कुठं नाही. बायको म्हणाली, "बरं झालं."

घोडी आता दारातच असते. बादली हातभरही हलत नाही. उन्हाळ्यात एका सकाळी मी उठलो तर भाचा कुंपणापाशी उभा होता. त्यानं पितळेची घंटा गोठ्याच्या खुंटीला अडकवली. मी दारात आहे हे त्याला दिसलं होतं. तो माझ्याशी बोलला नाही. घोडीपाशी गेला आणि तिच्या कानाशी म्हणाला, "आलो गं." तिनं आवाजाकडे तोंड फिरवलं. मग जाताना त्यानं मागं न बघता विचारलं, "मामा, चन्याचा तोबरा आजून दोनदाच देता काय तिला?"

मी म्हटलं, "तीनदा. म्हातारी झाली ती."

"बरं," तो म्हणाला, आणि खाली उतरून गेला.